चकव्यांच्या वाटेला न जाता

तापीवर पहिल्या दिवशी माझ्या हातून काय झालं ते आधी सांगतो. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

डिसेंबर होता. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरली होती. पहाटे साडेपाचला दोंडाईच्याहून निघालो तेव्हा रस्त्यावर घोडे नेणाऱ्या गाड्याच तेवढ्या लागल्या. नदीवर पोचलो तर पाण्यातून वाफ निघत होती. धुकं कंबरेएवढंच, त्याच्या वर आभाळ स्वच्छ, आणि उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ. होडी पाण्यात लोटली, वल्हं हातात घेतलं आणि पंधरा-वीस मिनिटांत एका वाळूच्या बेटाजवळ पोचलो. बेटावर तांबूस-नारिंगी रंगाचे पक्षी बसले होते. चक्रवाक. दुर्बिणीतून मोजले तर ४१ भरले. एवढे एका जागी मी कधीच पाहिले नव्हते. अजून थोडं जवळ जावं म्हणून होडीचं तोंड सरळ त्यांच्याकडे केलं आणि जोर लावला.

एकाने मान वर केली. मग चार-पाच जणांनी, मग सगळ्यांनीच. ‘आंग, आंग’ असा कर्ण्यासारखा आवाज घुमला आणि अख्खा थवा उठला. त्यांच्या ओरडण्याने पलीकडची हळदीकुंकू बदकं उठली, वारकरी नावाची काळी पाणपाखरं पाण्यावर पाय आपटत पळत सुटली, काठावरचा राखी बगळासुद्धा पाय लोंबकळत निघून गेला. बघता बघता नदी रिकामी झाली. मध्ये मी एकटा.

मला फार वाईट वाटलं. चक्रवाक बरंचसं चरणं रात्री उरकतात आणि दिवसा अशा उघड्या बेटांवर विसावतात. लडाख-तिबेटच्या बाजूने हिवाळा काढायला आलेली ती पाखरं, आणि मी त्यांना त्यांच्या विसाव्याच्या जागेवरून उठवलं होतं. तेही फक्त मला नीट दिसावीत म्हणून.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. शेतातल्या पाणबुडी मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात, आणि काठावरच्या मोटारी काढायला मी नदीवर जातो. त्यामुळे तापी मला वरून चांगली ओळखीची. दरडीवर उभं राहायचं, पाइप कुठून उतरलाय ते बघायचं, दोर सोडायचा. इथल्या दरडी उंच, काळ्या-पिवळ्या गाळाच्या, घळींनी चिरलेल्या. त्यामुळे खालची नदी एखाद्या खंदकातून वाहिल्यासारखी दिसते. खाली पाण्यावर पाखरं असायची, पण इतक्या उंचावरून ते नुसते ठिपके. शिवाय माणूस दरडीच्या कडेला उभा राहिला की त्याचा आकार आभाळावर उमटतो आणि ठिपकेसुद्धा उडून जातात. कित्येक वर्षं मी तसाच बघत आलो. मग ठरवलं, एक हिवाळा खालून बघायचा.

त्यात आमच्या भागातली तापी हिवाळ्यात नवशिक्यासाठी फार चांगली. मुलताईला उगम पावून सुरतेकडे जाणारी ही ७२४ किलोमीटरची नदी पावसाळ्यात भयंकर असते, तेव्हा तिच्या जवळही जायचं नाही. पण आमच्याकडे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज एकापाठोपाठ झालेत. पावसाळा सरला की दरवाजे बंद करतात आणि पाणी मागे मैलोन्‌मैल तुंबून राहतं. ओढ जवळजवळ नाहीच. वल्हं थांबवलं तर होडी जागच्या जागी उभी राहते. बॅरेजच्या भिंतीकडे मात्र मी कधी गेलो नाही आणि कुणी जाऊही नये. मी चढाच्या अंगाला, वरच्या बाजूला जायचो. तिथे पाणी उथळ होत जातं. शेतकरी उपसा करतात तशी पातळी उतरते आणि वाळूची, गोट्यांची बेटं उघडी पडतात. पाखरं तिथेच.

होडी म्हणाल तर जुनी, हवा भरायची कयाक, एका पुण्याच्या माणसाकडून घेतलेली. घडी घातली की मोटारसायकलच्या मागे बसते, म्हणून घेतली. ती घेताना एका गोष्टीचा विचार केला नाही, तो म्हणजे काट्यांचा. तापीच्या काठाला वेडी बाभूळ इतकी माजलीय की चपलेचा तळ भेदून काटा पायात जातो. तिथे हवेच्या होडीचं काय होणार! पहिल्या आठवड्यात दोन पंक्चर. ट्यूबचं पंक्चर काढायची सवय होती म्हणून निभावलं, पण कायमची युक्ती शेवटी अगदी साधी निघाली. घरची जुनी ताडपत्री पाण्यापर्यंत अंथरायची, होडी तिच्यावरच भरायची, तिच्यावरूनच पाण्यात सरकवायची. परत आल्यावरही आधी ताडपत्री, मग होडी.

आणखी एक काम मी आधी करून ठेवलं होतं. या पाण्यात मासेमारी करणारी भोई मंडळी आहेत, नदीत त्यांची जाळी लागलेली असतात. त्यांना न विचारता उतरणं मला बरोबर वाटलं नाही. एका शेतकऱ्याने, ज्याची मोटार मी नेहमी भरतो, त्याने मला एका म्हाताऱ्या भोई आबांकडे नेलं. आबांनी होडी बघितली, बोटाने दाबली, आणि एवढंच म्हणाले, “बाटल्या दखाय तठे जाऊ नको, तठे जाळं शे.” रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या हे जाळ्याचे तरंगते. त्यांच्या आतून जायचं नाही. कबूल केलं.

चक्रवाक उठवले त्या दिवशी आबांनी काठावरून सगळं पाहिलं होतं. मी परत आलो तर ते शेकोटीपाशी बसले होते. काही बोलले नाहीत, मलाही बोलवेना. मायने दिलेली दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा काढला, दोघांनी मिळून खाल्ला. मग मीच विचारलं, “आबा, तुम्ही रोज त्याच बेटाच्या बाजूने जाता. तुमच्यामुळे ते का उडत नाहीत?”

आबा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी काढतात. हातात फळीचे दोन तुकडे, तेच त्यांचं वल्हं. म्हणाले, “तू त्यास्नाकडे दखी दखी जास, म्हनीसन त्या उडतस. मी मन्हा जाळाकडे जास.”

तू त्यांच्याकडे बघत बघत जातोस. मी माझ्या जाळ्याकडे जातो.

दुसऱ्या दिवशी मी होडी काढलीच नाही. दरडीच्या खाली, एका पाइपाच्या आडोशाला बसून आबांना बघत राहिलो. ते बेटाच्या समोरून गेले. अंतर माझ्यापेक्षा कमीच असेल. पण त्यांची वाट बेटाकडे जाणारी नव्हती, बेटाच्या बाजूने सरळ पुढे निघून जाणारी होती. वेग एकसारखा. चक्रवाकांपैकी एक-दोघांनी मान वर केली, आबा पुढे सरकले, माना पुन्हा पिसांत गेल्या. शिकारी असतो तो रोखून येतो, मध्येच थांबतो, दबकतो, परत पुढे सरकतो. मी नकळत तेच सगळं केलं होतं. फोटोसाठी थांबणं, वाकणं, हळूच पुढे सरकणं. पाखराच्या दृष्टीने यात आणि कोल्ह्यात फरक तो काय?

तिथून माझं खरं शिकणं सुरू झालं.

पहिलं वल्ह्याचं. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. मी ते खूप उभं धरून मारत होतो. त्यामुळे वरचं पातं डोक्याच्या वर जायचं, आणि ओलं पातं उन्हात आरशासारखं चमकतं हे काठावरून बघणाऱ्या एका पोराने मला सांगितलं. मग वल्हं आडवं, छातीच्या खाली ठेवायला लागलो. पातं पाण्यात खुपसायचं नाही, सुरी लोण्यात जाते तसं अलगद सोडायचं, आणि ओढ हाताची नको, कंबरेची. पहिले आठ दिवस खांदे भरून यायचे. कंबर वळायला लागली तसे खांदे सुटले आणि आवाजही गेला. पात्यावरून गळणाऱ्या थेंबांचा तेवढा उरला.

दुसरं उन्हाचं. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. सकाळी वर जायचं म्हणजे सूर्य तोंडावर, सगळी पाखरं काळी दिसतात. मी सुरुवातीला जाताना बघायचा प्रयत्न करायचो आणि डोळे दुखवून घ्यायचो. मग जाताना काठाच्या सावलीने नुसतं वल्हवत जायचं आणि बघायचं ते परतताना असं ठरवलं. परतताना ऊन माझ्या पाठीवर, पाखरांच्या अंगावर. चक्रवाकाचा रंग त्या उन्हात असा पेटतो की बेटावर निखारे मांडलेत असं वाटावं. नराच्या गळ्यातली काळी रेघ विणीच्या दिवसांत उठून दिसते. ती मला फेब्रुवारीत, उन्हाला पाठ करून असताना, पहिल्यांदा स्पष्ट दिसली. वाऱ्याचाही हिशेब यातच बसतो. हिवाळ्यात सकाळचा वारा बहुतेक वेळा समोरून, पूर्वेकडून असायचा. दम असताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, थकल्यावर वाऱ्याबरोबर यायचं. दहानंतर मी पाण्यावर थांबायचो नाही.

तिसरं कपड्यांचं, आणि ते मला पडून शिकावं लागलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. हिव भलतं होतं, दोंडाईच्यात पहाटे माणसं टायर जाळून बसली होती. नदीवर निघालो तेव्हा अंगात सुती बनियन, सुती शर्ट, वर लोकरी स्वेटर, त्यावर लाइफ जॅकेट. जॅकेट मी कधीच काढलं नाही, हे एक बरं. परत येताना आबांच्या जाळ्याच्या कडेला काहीतरी फडफडताना दिसलं. टिबुकली. मुठीएवढं ते पाणपाखरू मासा धरायला बुडी मारतं, आणि बुडीतच नायलॉनच्या जाळ्यात अडकलं होतं. एक पाय आणि पंख गुंतलेला, डोकं कसंबसं पाण्याबाहेर. आबांना दिलेला शब्द आठवला, तरी मी बाटल्यांजवळ गेलो. वल्हं मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी जाळं उचललं आणि बाजूला वाकलो.

होडी कलंडायला क्षणही लागला नाही.

पाणी छातीवर आलं तेव्हा श्वासच अडकला. घ्यायचा म्हटला तरी घेता येईना, नुसते तुकडे तुकडे. आमच्याकडचं पाणी बर्फाचं नव्हे, पण पहाटे एकदम अंगावर आलं की शरीर घाबरतंच. जॅकेटने डोकं वर ठेवलं. मी होडीला धरलं आणि काहीच केलं नाही, फक्त श्वास जागेवर येण्याची वाट बघितली. त्यानंतर चढायचा प्रयत्न केला. दोन्ही हात टेकून वर उचलायला गेलो की होडी माझ्याच अंगावर उलटायची. तीनदा झालं. पायाला जाळ्याचा दोर लागत होता, ती भीती वेगळीच. शेवटी हाक मारली. आबा ट्यूब घेऊन आले, त्यांनी होडीची दुसरी बाजू दाबून धरली, तेव्हा कुठे मी वर आलो.

मला वाटलं, जाळ्यात शिरलो म्हणून बोलतील. आबांनी आधी टिबुकली हातात घेतली, तिचं डोकं आपल्या अंगठ्याखाली झाकलं, आणि जाळं सोडवत बसण्यापेक्षा विळीच्या पात्याने चार-पाच घरं कापून टाकली. नवं जाळं होतं. टिबुकली पाण्यावर ठेवल्याबरोबर बुडाली आणि पार लांब वर आली. कापलेल्या जाळ्याचे पैसे मी देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. पुढे त्यांच्या विहिरीवरची मोटार मी भरून दिली, तेव्हा त्यांनीही पैशांचा विषय काढला नाही.

काठावर येईपर्यंत माझे दात वाजत होते. लोकरीचा स्वेटर ओला असूनही थोडी ऊब धरून होता. आतले सुती कपडे मात्र बर्फाच्या पट्टीसारखे अंगाला चिकटले होते. त्यानंतर सुती कपडे बंद. आतून पॉलिएस्टरची, खेळाडू घालतात तसली बनियन, वर लोकर, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड तोंड आवळून बांधलेल्या पिशवीत कायम होडीत. संक्रांत झाल्यावर भर दुपारी, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मी मुद्दाम होडी उलटवायचो आणि पुन्हा चढायचो. हातांनी उचलायचं नाही. पाय मागे पाण्यावर तरंगत आणायचे, ते मारत पोटावर आडवं सरकायचं, मग वळून बसायचं. गावातली पोरं काठावर बसून मोजायची. वीस-बावीस वेळा झाल्यावर अंगात बसलं. हे मी डिसेंबरात, होडी पाण्यात घालायच्या आधीच करायला हवं होतं.

त्यानंतरच्या सकाळी मात्र मनासारख्या गेल्या. मी माझ्यासाठी एक जाळं ठरवलं. म्हणजे जाळं नव्हे, पण कुठलीतरी खूण. पलीकडच्या काठावरचा पंप, वाकलेलं बाभळीचं झाड, घळीचं तोंड. तिथेच जायचं, नजर तिथेच ठेवायची, आणि वाटेत जे डाव्या-उजव्या बाजूला दिसेल ते दिसेल. मान वर झाली की होडीचं तोंड आणखी बाहेर वळवायचं. दोन माना झाल्या तर तो दिवस त्या बेटापुरता संपला. अशाने दिसायचं ते कमी होईल असं वाटलं होतं. उलट वाढलं.

कवड्या खंड्या माझ्या डोक्यावर, हात उंचावून शिवता येईल एवढ्या उंचीवर, पंख फडफडवत एका जागी थांबला आणि होडीशेजारीच सूर मारून मासा घेऊन गेला. गोट्यांच्या बेटावर मोठा करवानक उभा होता, तो मला कितीदा न दिसताच राहिला असेल कुणास ठाऊक. गोट्याच्याच रंगाचा पक्षी, पण डोळा एवढा मोठा पिवळा की आधी डोळा दिसतो आणि मग त्याच्याभोवती पक्षी तयार होतो. कैकर दोनदा दिसला. घार नव्हे हे कळायला वेळ लागत नाही, कारण घार काय मिळेल ते उचलते, हा फक्त माशासाठी पाण्यावर फिरतो आणि पाय पुढे करून धाडकन पाण्यात पडतो. उठताना मासा आडवा धरत नाही. डोकं पुढे, शेपूट मागे असा लांबट धरून नेतो. लव्हाळ्यात शंकर नावाचा चिमणीएवढा पाहुणा, गळ्यावर निळा रंग. वाळूवर धोबी शेपट्या हलवत. तलवार बदकं पाण्यात डोकी खुपसून फक्त टोकदार शेपट्या वर ठेवून चरत असायची.

आणि एका सकाळी पट्टकादंब. अकरा होते. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हे हंस माझ्यापासून शंभर पावलांवर, काठच्या गव्हाच्या कोवळ्या पातीवर शांतपणे चरत होते. शेतकऱ्याला त्यांचा राग असणार, आणि तो चुकीचाही नाही. मी वल्हं थांबवलं नाही. समोरच्या पंपाकडे बघत, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना घेत, पुढे गेलो. पंपाशी पोचल्यावर मात्र हात थरथरत होते, आणि या वेळी थंडीने नव्हे.

सगळंच असं सुंदर नव्हतं. घळींच्या तोंडाशी प्लॅस्टिक आणि निर्माल्य साचलेलं असतं, काही ठिकाणी जलपर्णीने पाणी पार झाकलंय. सगळ्यात जास्त लागतं ते वाळूचं. ज्या बेटावर मी डिसेंबरात चक्रवाक उठवले, त्याच्या एका टोकाला फेब्रुवारीत ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा होत्या आणि बेट तेवढं आखूड झालं होतं. नदी सुरय याच बेटांवर उन्हाळ्याच्या तोंडाला उघड्या वाळूत अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसती खळगी. मी त्या बेटावर शेवटपर्यंत पाय ठेवला नाही. गावात दोन-तीन ठिकाणी बोललो, पुढच्या हिवाळ्यातही बोलणार आहे.

आबांना माझ्या वहीचं कुतूहल होतं. त्यांना लिहिता येत नाही, पण चकवे किती ते मला रोज विचारायचे. चक्रवाकाला ते चकवाच म्हणतात. आमच्याकडे रात्री वाट चुकवणाऱ्या भुतालाही चकवाच म्हणतात. मी विचारलं, दोघांचं काही नातं आहे का. आबा म्हणाले, रात्री नदीवर नर-मादी एकमेकांना हाका मारतात, एक या काठाला, एक त्या काठाला. माणूस आवाजामागे गेला की चुकणारच. जोडपं रात्री दोन काठांवर ताटातूट होऊन राहतं, ही गोष्ट जुनी. पण ती मला नदीवर रात्री जाळं टाकणाऱ्या माणसाकडून ऐकायची होती, आणि ऐकायला मिळाली.

फेब्रुवारीच्या शेवटी ४१ चे २६ झाले, मार्चच्या पहिल्या आठवड्यात १४. मग केळीच्या मोटारींचं काम एकदम अंगावर आलं आणि माझं नदीवर जाणं थांबलं. होडी घडी घालून माळ्यावर टाकली.

एका सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा फोन आला. आबांनी नातवाच्या फोनवरून लावला होता.

“भाऊ, चकवा गयात.”

मी विचारलं, कधी.

“रातले. वर आवाज उना, गंज वेळ ऱ्हायना. मंग सातपुडाकडे गया.”